सुतळीने मोजलेले चेहरे

आमच्या ह्यांना माणसांचे कान दिसतात, केस दिसतात, खांदे दिसतात. चेहरा तेवढा दिसत नाही. जिकडे बघावं तिथे नेमका मधोमध एक राखाडी डाग येऊन बसतो आणि कडेकडेचं सगळं शाबूत राहतं. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा हे हसले. म्हणाले, "जन्मभर लोकांना मधोमध बसवलं मी, त्याचा सूड उगवतायत वाटतं." डॉक्टरांना विनोद कळला नाही, कारण हे फोटोग्राफर आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला कळला, पण हसू आलं नाही. यावर औषध नाही, डाग वाढतच जाईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगून झालं होतं.

तेव्हापासून ह्यांना एक सवय लागली. माझ्याकडे बघायचं असलं की माझ्या खांद्यापलीकडे बघायचे. भिंतीकडे नजर ठेवली की मी डागाच्या बाहेर येत असे, थोडीशी, कडेने. नव्या माणसाला वाटायचं, आपल्यामागे कुणी उभं आहे की काय.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे ह्यांचा स्टुडिओ. उत्तरेची मोठी खिडकी, उंच पाठीची लाकडी खुर्ची, स्टँडवरचा जुना पेटीसारखा कॅमेरा. मागे न्हाणीघराशेजारी अंधारखोली. गावातल्या शाळेत एक जुनी पद्धत आहे. शेवटच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाचा वेगळा फोटो काढायचा, आणि शाळेत ज्या कामात तो रमला त्या कामाची वस्तू त्याच्या हातात द्यायची. मार्क कितीही पडोत, फोटोत सगळी सारखी. निरोपाच्या दिवशी ते फोटो लांब ओसरीवर टांगतात, मग ज्याचा त्याने घरी न्यायचा. लग्न झाल्यापासून बघते आहे, हे काम ह्यांचंच. गावातल्या कितीतरी घरांत भिंतीवर हातात बॅट, कुदळ नाहीतर भूगोलाचा गोल धरलेलं कुणीतरी तरुण माणूस असतं आणि त्याच्याखाली तेच माणूस टक्कल पडून जेवायला बसलेलं असतं.

यंदा त्या वर्गात आमची लेक होती.

तिला सगळे टणू म्हणायचे. शाळेची पितळी घंटा तिच्याकडे होती. शिपायाला पाठदुखी झाली तेव्हा चार दिवस म्हणून तिने दोर हातात घेतला तो सोडलाच नाही. मधल्या सुट्टीची घंटा जरा लवकर आणि सुट्टी संपल्याची जरा उशिरा, असा तिचा न्याय होता, आणि त्यामुळे सगळ्या शाळेत तिच्याइतकं लाडकं कुणी नव्हतं. निरोप झाला की दुसऱ्याच दिवशी ती माझ्या बहिणीकडे जाणार होती, नर्सिंगच्या शिक्षणाला. दूरचं शहर. येणं वर्षातून एकदा झालं तर झालं.

एक दिवस जेवताना हे म्हणाले, "टणूचा फोटो मीच काढणार."

"तुम्हीच तर काढता सगळ्यांचे," मी म्हटलं.

"तसं नव्हे गं." हातातला घास तसाच ठेवून ते माझ्या खांद्यापलीकडच्या फडताळाशी बोलावं तसं बोलायला लागले. "जिवंत चेहरा थांबत नाही. डाग चुकवून बघायला जावं तर तो हसतो, वळतो, उठून जातो. फोटो थांबतो. भिंग लावून कोपऱ्याकोपऱ्याने बघता येतं. आज भुवई, उद्या नाक, परवा हनुवटी. मी मनात जोडत जाईन. अजून वर्षभर तरी तेवढं दिसेल. एक स्वच्छ फोटो मिळाला ना, की मग काय व्हायचं ते होऊ दे."

मी संध्याकाळी देवासमोर दिवा लावताना तेवढंच मागितलं.

दिव्याचा माझा नेम आहे. दिवा लावल्यापासून तो आपला आपण विझेपर्यंत मी बोलत नाही. आणि एरवी जे बोलते ते खरं बोलायचं, हा दुसरा. दोन्ही नेम माझे आणि देवाचे, घरातल्यांना त्यात ओढायचं नाही असं ठरवलं होतं. पण घरातली माणसं आपणहून त्यात शिरली. टणू लहान होती तेव्हापासून तिला जे मला सांगायचं असे पण ज्यावर माझं बोलणं नको असे, ते ती दिवा लागल्यावर येऊन सांगायची. "आई, निळा कप फुटला." "आई, गणितात बोंब आहे." एवढं सांगून पसार. हेही त्यातलेच. "हिच्याशी भांडण असेल तर दिव्याच्या आधी उरकावं, आणि चूक कबूल करायची असेल तर दिव्यानंतर," असं पाहुण्यांना सांगायचे. दिवा विझेपर्यंत माझाही राग विझलेला असायचा. देवाने केलेली सोयच म्हणायची.

आता प्रश्न होता तो नेम धरण्याचा, म्हणजे कॅमेऱ्याचा. या कॅमेऱ्यात वरच्या काचेत बघून लेन्सची कडी फिरवायची आणि चेहरा स्वच्छ दिसला की थांबायचं. ह्यांना काचेत कोपरे दिसायचे, मधला चेहरा नाही. मग ह्यांनी एक युक्ती काढली. लेन्सखाली सुतळी बांधली, तिला चार-चार बोटांच्या अंतरावर गाठी मारल्या आणि त्या गाठींच्या हिशोबाने कडीवर कानशीने बारीक खाचा पाडल्या. मी सुतळीचं टोक माणसाच्या डोळ्याशी धरायचं. ह्यांनी बोटांनी गाठ चाचपायची, त्याच खाचेवर कडी आणायची. मग सुतळी ओढून घ्यायची आणि बटण दाबायचं. घरच्या खुर्चीत मला बसवलं, शेजारच्या वकिलांना बसवलं, त्यांच्या बायकोला बसवलं. टणूचा मात्र ह्यांना घंटेखालचाच हवा होता. सगळ्यांचे फोटो असे आले की वकिलांच्या पापण्या मोजून घ्याव्यात. ह्यांनी ते फोटो भिंगाखाली कडेकडेने पाहिले आणि कित्येक दिवसांनी शीळ घातली.

नाक्यावर नवा स्टुडिओ झाला होता, रंगीत फोटोवाला. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना लोक सांगत होते की यंदा काम त्याला द्या. बाई जुन्या ओळखीच्या. त्या घरी येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्हाला जमेल ना? नाही, त्रास नको म्हणून विचारते."

"बाई," हे म्हणाले, "तुमच्या लग्नातही मीच होतो. तेव्हा तुम्ही डोळे मिटले होतेत, मी नाही."

बाई हसल्या आणि काम ह्यांच्याकडेच राहिलं.

फोटोचा दिवस मला अजून लख्ख आठवतो. परीक्षा संपलेल्या होत्या, शाळेत ही एवढीच मुलं होती आणि रिकाम्या वर्गांतून त्यांचे आवाज दुप्पट होऊन येत होते. जो जिथे रमला तिथेच त्याचा फोटो, म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन खोलीखोलीतून फिरलो. उजेड कुठेच धड नव्हता. फ्लॅशचं ह्यांना वावडं. फ्लॅशने चेहऱ्याचं पीठ होतं म्हणतात. म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागली. लेन्स जितकी उघडी तितकी ती हट्टी, हे मला इतक्या वर्षांत माहीत झालेलं. मग तिला वीतभर पुढेमागे झालेलं खपत नाही.

पहिली वाचनालयात 'शू' होती. एवढीशी मुलगी, पण वाचनालयात कुणी कुजबुजलं की तिची शू ऐकून भिंतीवरची पाल थबकायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही तिने गप्प केलं होतं. फाटकी पुस्तकं घरी नेऊन ती सुईदोऱ्याने शिवून आणायची. तसंच एक शिवलेलं पुस्तक छातीपुढे धरून ती उभी राहिली.

"दात दाखवू का नको, काका?"

"तुझी मर्जी. पण शू म्हणू नकोस, ओठांचा चंबू येईल."

मी सुतळीचं टोक तिच्या डोळ्याशी नेलं. तिने मान जरा पुढे केली. ह्यांनी गाठ चाचपली, कडी फिरवली, मी सुतळी सोडून बाजूला झाले. खट्.

मग मैदानाच्या बाजूच्या पडवीत 'भिंत'. हा गोलकीपर. दारातून वाकून येणारा मुलगा. अंगाने भिंत खरा, पण त्याच्यावर गोल इतके व्हायचे की मुलं म्हणायची, भिंतीला खिडक्या फार. तो मनाला लावून घ्यायचा नाही. प्रत्येक गोल झाल्यावर तो चेंडू पुसून समोरच्याच्या हातात आदबीने द्यायचा, जणू त्याचाच विसरला होता. त्याने हातमोजे घालून दोन्ही पंजे पुढे केले. माझा हात त्याच्या डोळ्यापर्यंत पोचेना, तर तोच खाली वाकून पुढे आला. "घ्या काकू." मला वाटलं, किती संस्कारी पोर.

रंगमंचावर 'कुजबुज'. नाटकात पडद्याआडून संवाद सांगणारा. सगळ्यांच्या भूमिका त्याला पाठ, स्वतःला एकही नाही. यंदाच्या नाटकात राजा भाषण विसरला तेव्हा ह्याने पडद्याआडून ते इतकं जीव ओतून सांगितलं की लोकांनी टाळ्या पडद्याला वाजवल्या. त्याने फोटोत पडद्याची किनार मुठीत धरली, म्हणाला, "अर्धा आत असलो तर चालेल ना?"

"अरे, जन्मात एकदा तरी पूर्ण बाहेर ये," टणू खालून ओरडली.

'धडाम' ही बँडमधली ढोलवाली. टिपऱ्या चावायची तिला खोड. शांत बसवायचं नाही तिला, बोटांनी बाक वाजवायची, बाक नसला तर शेजारणीची पाठ. टिपऱ्यांची फुली करून ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि ह्यांनी "हलू नकोस" म्हटल्यावर तिचा एक पाय तेवढा खाली ताल धरत राहिला.

आणखीही होती. बागेतला झारीवाला, प्रयोगशाळेत भुवया जाळून घेतलेला एक, फळ्यावर रोज सुविचार लिहिणारी आणि त्यात रोज नवं सुंदर अक्षर काढणारी एक. प्रत्येकजण सुतळी जवळ आली की पुढे होत होता. प्रत्येकजण वळून जाताना ह्यांच्या हाताला हात लावून जात होता. ह्यांच्या डोळ्यांचं गावात सगळ्यांना कळलं होतं, आम्हालाच वाटत होतं की झाकलेलं आहे.

शेवटी घंटेखाली टणू. तिने दोर दोन्ही हातांनी छातीपुढे धरला. केस नीट करायला गेले तर म्हणाली, "राहू दे आई, रोज असेच असतात."

हे कॅमेऱ्यामागे बराच वेळ होते. कडी खाचेवर आणून पुन्हा चाचपली, पुन्हा गाठ मोजली. मग म्हणाले, "टणू, इकडे बघ."

"बघतेच आहे, बाबा."

"कशी बघते आहेस?"

"डोळ्यांनी!"

सगळी मुलं खिदळली. टणूही हसली, आणि खट् झालं. नंतर तिने एकदा दोर ओढला. भर दुपारी, काही कारण नसताना घंटा वाजली आणि बाईंनी ऑफिसातून बाहेर येऊन बघितलं, पण रागावल्या नाहीत.

अंधारखोलीत हे आमच्या सगळ्यांपेक्षा डोळस. तिथे सगळं हाताने. कुठली बाटली, कुठलं ताट, पाणी किती कोमट, बोटांना सारं ठाऊक. माझं काम एकच, लाल दिव्याखाली ताटातल्या कागदाकडे बघायचं आणि चित्र पुरेसं उमटलं की "बस" म्हणायचं.

पहिला कागद शूचा. पाण्याखालून आधी काळा डाग यावा तसा तिचा परकर आला, मग पुस्तक. पुस्तकाच्या पाठीवरचे टाके आले, एकेक, दोऱ्याच्या गाठीसकट. मग चेहरा यायला हवा होता. तो आला, पण आरशावर श्वास सोडावा तसा. मी वाट बघत राहिले. तो तसाच राहिला.

"बस का?" हे म्हणाले.

"बस."

दुसरा भिंतीचा. हातमोज्यांच्या चामड्याच्या सुरकुत्या दिसत होत्या. वर धुकं. तिसरा, चौथा. एकेक वस्तू अशी आली होती की उचलून घ्यावी, आणि एकेक मूल असं आलं होतं की हाक मारली तर कुठून ओ देईल ते कळू नये.

शेवटचा कागद त्यांनी ताटात सोडला तेव्हा हाताने तो जरा थोपटला. झोपलेल्या मुलाला थोपटावं तसा. दोर आला. दोराचा पीळ न् पीळ आला, तिच्या मुठीजवळ झिजून निघालेले तंतूसुद्धा. वर एक उजळ गोल आणि त्यात हसण्याची नुसती खूण.

"आली का?" त्यांनी विचारलं.

"आली," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"हसतेय?"

"हसतेय."

कागद वाळत घालून झाल्यावर टणू स्वयंपाकघरात माझ्याबरोबर भांडी पुसत होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "टणू, फोटोच्या वेळी तुम्ही सगळी पुढे का होत होतात गं?"

"कळलं तुला?" ती खुशीत आली. "आमचं ठरलं होतं. बाबांना दिसत नाही, तू बुटकी, तुझा हात कुठे पोचणार? म्हणून सुतळी जवळ आली की आपणच डोळा तिच्यापाशी न्यायचा. भिंतीची कल्पना. मग तू बाजूला झालीस की पुन्हा ताठ. फोटोत कुबड यायला नको ना! बाबांना कळलं तर नाही?"

मी फडकं पिळत राहिले. घरच्या खुर्चीला पाठ होती. तिथे बसलेलं माणूस पुढे होत नाही आणि मागे जात नाही. शाळेत पोरं आमच्यावरच्या मायेने पुढे झाली, आम्ही ते अंतर मोजलं, आणि ती मागे जाऊन उभी राहिली. कॅमेऱ्याने आज्ञाधारकपणे त्या मधल्या जागेचा फोटो काढला, जिथे फक्त त्यांच्या हातातल्या वस्तू होत्या.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना नाही कळलं."

पुन्हा काढायला वेळ नव्हता. निरोप दुसऱ्या दिवशीच होता. काही मुलं तर गावाला जाऊन त्या दिवशी परत येणार होती. ह्यांना सांगावं तर काय सांगावं? मनात शब्द जुळवत रात्र गेली, देवाने एकही हाती दिला नाही. त्यांनी अजून टणूच्या फोटोला भिंग लावलं नव्हतं. म्हणाले, "आधी ओसरीवर टांगू दे. मग घरी आणून निवांत. घाई कसली."

ओसरीवर फोटो टांगले. आईबाप, मास्तर, बाई, सगळे चालत बघत होते. हे खांबाला टेकून उभे होते. त्यांना एवढ्या दुरून काही दिसणार नव्हतं, पण ऐकू येत होतं.

भिंत पहिला आला. "काका, काय हातमोजे आलेत! शिवण न् शिवण!"

"माझे टाके बघितलेत?" शू म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"माझ्या दातांचे वण पण आलेत टिपऱ्यांवर," धडाम म्हणाली. "आता आई मारणार."

झारीवाल्याच्या वडिलांनी झारीचं कौतुक केलं. बाई म्हणाल्या, "वस्तू अगदी हातात घ्याव्याशा वाटतात हो." मग जरा थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं आपण बघू. बोलू नंतर."

मी ह्यांच्या शेजारी उभी होते. ह्यांचं हसणं कधी थांबलं ते मला दिसलं. ह्यांनी आयुष्यभर फोटो दाखवले आहेत. फोटो पाहून माणूस आधी काय बोलतं ते त्यांना माहीत आहे. माणूस म्हणतं, "मी अशी दिसते?" म्हणतं, "नाक बघा माझं." म्हणतं, "अगदी आजीवर गेलाय." हातमोज्यांबद्दल कुणी बोलत नाही.

शेजारून कुजबुज जात होता. ह्यांनी त्याचा दंड धरला. "तू कसा आलायस रे?"

सगळ्यांना पुढचं वाक्य पुरवणारा तो मुलगा. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टांगलेल्या आपल्या फोटोकडे. पुढचं वाक्य त्याला सापडेना. मग म्हणाला, "मी... मी पडद्याआडच बरा दिसतो, काका."

ह्यांनी त्याचा दंड सोडला आणि त्याच्या पाठीवर हलकेच थापटलं. "जा. मजा कर."

घरी येताना टणू मधोमध चालत होती. एका हाताने तिने ह्यांचा हात धरला होता, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला तिचा फोटो. तिला कळलं होतं. शाळेत सगळ्यांनाच कळलं होतं. सुतळीचं काय झालं तेही तिने ओळखलं असणार, कारण वाटेत ती एकदाही बडबडली नाही. दारात आल्यावर मात्र एकदम म्हणाली, "बाबा, घरी एक काढा ना माझा. आपल्या खुर्चीत. घंटा नको, दोर नको. नुसती मी. अजून उजेड आहे."

खिडकीत उजेड होता. खुर्ची होती. सुतळी लेन्सखाली तशीच लोंबत होती. एक हो पुरे होतं.

"कशाला?" हे म्हणाले. "झालाय की तुझा. चांगला आलाय."

"पण बाबा—"

"चांगला आलाय म्हटलं ना." आवाज चढला नव्हता, पण दार लागावं तसा तो लागला. "फिल्म वाया घालवायची का? जा, बॅग भर."

वस्तू स्वच्छ आणि चेहरे नाहीत म्हटल्यावर पोरं सुतळीपाशी पुढे होऊन मग मागे सरली, हे त्यांनीही ताडलं असणार. पुन्हा काढायचा म्हणजे पहिला बिघडला हे तिच्यासमोर मान्य करायचं, आणि बिघडला कशाने तेही बोलायचं. पोरांच्या मायेनेच बिघडला, हे तिच्या पदरात बांधून तिला परगावी पाठवायचं. ते त्यांनी केलं नाही. मीही करू शकले नसते. टणू आत गेली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

ह्यांनी कॅमेऱ्यावर काळं कापड घातलं. सुतळी सोडवून, गाठी तशाच ठेवून, गुंडाळून खिशात टाकली.

दिवेलागणीला मी देवासमोर बसले. वात लावली. तेवढ्यात हे आले, भिंतीला हात लावत, आणि माझ्याशेजारी खाली बसले. हातात तो फोटो होता आणि भिंग. दिव्याच्या उजेडात फोटो धरून ते भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे सरकवू लागले. दोराशी थांबले. तिथे बराच वेळ होते. मग वर गेले. डोळे तिरके केले, मान वाकडी केली, फोटो जवळ नेला, लांब नेला.

"दोर दिसतो," ते म्हणाले. "पीळसुद्धा. वर काही धरवत नाही. डोळे गेले माझे, फोटोतही आता दिसेना. दुसरं काय. फोटो काही वाईट नाही."

मी दिव्याकडे बघत होते.

"छान आलाय फोटो. हो ना?"

त्यांना माहीत होतं की मी बोलणार नाही. म्हणूनच आत्ता विचारलं होतं. निळा कप फुटला की टणू याच वेळी यायची. दिवा विझल्यावर विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं, आणि मग दोघांनाही ते ऐकावं लागलं असतं. त्यांनी माझा नेमही राखला आणि स्वतःलाही. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. हात गार होता. आम्ही तसेच बसलो. तेल रोजच्याएवढंच घातलं होतं, दिवा रोजच्याच वेळी विझला. त्यानंतर मला बोलता येत होतं, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"तिची गाडी सकाळचीच ना?" एवढंच म्हणाले.

"सकाळचीच."

सकाळी गाडी दारासमोरच्या वळणावर येते. टणूने बॅग ठेवली, माझ्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडली. मग ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. चेहरा पुढे केला, त्यांच्या अगदी जवळ, आणि हलली नाही. फोटोसाठी उभं राहावं तशी उभी राहिली. तिला ठाऊक होतं, बाबांना थांबलेलं दिसतं.

मला वाटलं, आता हे तिच्या खांद्यापलीकडे बघतील. तिथे वळण होतं, गाडी होती, सकाळचं ऊन होतं. तिथे नजर ठेवली असती तर डागाच्या कडेने ती त्यांना दिसली असती. थोडी का होईना. भुवई, नाहीतर हसरा कोपरा.

पण लेक परगावी निघाली की बाप काय तिच्या खांद्यापलीकडे बघतो? लहानपणापासून तिने बघितलेल्या बाबांसारखे हे ताठ उभे राहिले. दोन्ही हातांनी तिचे गाल धरले आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. न हलता, बराच वेळ.

तिचा चेहरा फुलून आला. "बाबा, नीट राहा," ती म्हणाली.

"तू नीट राहा," हे म्हणाले.

गाडी वळली तरी ती खिडकीतून हात हलवत होती. बाबांनी आपल्याला डोळे भरून पाहिलं, असं समजून गेली ती. हे अजून तसेच, ती जिथे उभी होती तिथे सरळ बघत होते. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही घरात आलो.